सांगलीचा हुकूमनामा, कानपूरची वसुली

आमच्या पेढीच्या बिलावर ‘सांगली न्यायक्षेत्राच्या अधीन’ ही ओळ वडिलांच्या काळापासून छापली जात असल्यामुळे, कानपूरच्या एका व्यापाऱ्याने हळदीचे पैसे थकवून पत्रांना उत्तर देणेही सोडले, तेव्हा त्याला येथल्याच दिवाणी न्यायालयात खेचावयाचे, असे मी वकिलांना काहीशा थाटातच सांगितले. त्यांनी बिल बाजूला ठेवले आणि सौदा कोठे पक्का झाला, माल कोणाच्या ताब्यात कोठे दिला, पैसे कोठे यावयाचे होते, एवढेच विचारले.

दावा प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण अंशतः तरी जेथे उद्भवले तेथे चालतो. जेथे मुळात अधिकारच नाही, तेथे तो पक्षकारांच्या संमतीने निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हकम सिंग विरुद्ध गॅमन या प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि दोन न्यायालयांना अधिकार असेल तर त्यांतले एक निवडण्यापुरतेच आमच्या त्या छापील ओळीचे सामर्थ्य. सुदैवाने तिन्ही प्रश्नांचे उत्तर सांगली हेच होते, आणि तीन वर्षांची मुदतही, आर्जवे करण्यात बरीचशी खर्ची पडली असली तरी, संपलेली नव्हती.

समन्स मात्र परप्रांती जावयाचे म्हणून मराठी कागदांसोबत हिंदी भाषांतर जोडावे लागले. ‘इसम मिळून येत नाही’ अशा अर्थाचा शेरा घेऊन ते परतले; दुकान रोज उघडत होते, हे आमच्या तेथील दलालाकडून कळत असतानाही! अखेर दारावर चिकटवून बजावणी झाली आणि दावा एकतर्फी मंजूर झाला.

पेढे वाटण्याच्या बेतात असलेल्या मला वकिलांनी थांबविले. सांगलीच्या न्यायालयाला आपल्या हद्दीबाहेरची मालमत्ता जप्त करता येत नाही. तेव्हा हुकूमनाम्याची नक्कल आणि रक्कम वसूल न झाल्याचा दाखला कानपूरच्या न्यायालयाकडे पाठवावयाचा, तेथे दुसरा वकील द्यावयाचा आणि दरखास्त चालवावयाची. माझ्या मते खरा दावा हाच. पहिला केवळ त्याची पूर्वतयारी होती.

बँकेतील खात्यावर जप्ती येताच मात्र त्या न सापडणाऱ्या गृहस्थाचा स्वतःहून फोन आला. व्याज सोडाल तर मुद्दल महिन्याभरात देतो, म्हणाला. मी व्याज सोडले.