रिकामी

मागच्या शनिवारी हातकणंगल्याला घरी गेलो होतो. चहा घेतानाच अण्णा म्हणाले, "अरे, तुमच्या त्या ॲपमधनं आईचे फोटो गेले बघ." आई म्हणजे माझी आजी. दोन वर्षांपूर्वी गेली.

झालं असं. फोटो चुकून ॲपच्या कचरापेटीत गेले होते. तिथून परत आणता आले असते. पण खाली बटण होतं, 'रिकामी'. "आत फोटो दिसाल्यात आणि हे रिकामी म्हणतंय. म्हटलं दाबून तर बघूया." 'नक्की?' असंही विचारलं त्याने. अण्णांनी 'होय' दाबलं.

आता कबुली. ते 'रिकामी' माझंच. टीममध्ये मराठी येणारा मी एकटा, म्हणून एक्सेल शीट माझ्याकडे आली. एका कॉलममध्ये इंग्रजी शब्द, शेजारी मोकळा कॉलम. 'एम्प्टी' दिसलं, 'रिकामी' टाइप केलं, पुढे. वरच्या ओळीत कचरापेटी होती म्हणून लिंगसुद्धा जुळवलं! इंग्रजीत हाच शब्द विशेषण आणि हाच क्रियापद. 'ओपन', 'क्लीन', 'ड्राय' त्याच गोत्रातले. ('राउंड' तर नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अशी पाच घरं जेवून येतो.) अशा यादीत शब्दाला संदर्भ जोडायची सोय 'गेटटेक्स्ट'सारख्या साधनांत असते. आम्ही ती वापरलीच नव्हती.

आपल्याकडे बहुतेक शब्दांना क्रियापद व्हायचं तर करणे, होणे, मारणे, कुणाचा तरी हात धरावा लागतो. म्हणून तर 'सेव्ह कर', 'ब्रेक मार', 'सर्व्हर डाउन झाला'. पूर्वी मला ही भेसळ वाटायची.

अण्णा मराठीचे निवृत्त मास्तर. कपाटात मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे, मूळ १९११ चं. ते म्हणाले, "आपल्यातबी हाय की. खेळ, नाच, मार. नाम का आज्ञा, सांग?"

"पण अण्णा, 'खेळा' म्हटलं की मिटलं ना."

"मग तू 'करा' का नाही लिहिलंस?"

यावर काय बोलणार? सोमवारी 'रिकामी करा' केलं. दोन मिनिटांचं काम. फोटो काही परत आले नाहीत. चुलीपुढे बसलेल्या आजीच्या एका फोटोची प्रिंट इचलकरंजीच्या आत्याकडे असेल, असं अण्णांना वाटतं. या शनिवारी दोघं जाऊन बघणार आहोत.