रांगेतला राग

बेकायदा आलेल्या लोकांबद्दल सगळ्यांत कडवट बोलणारी माणसं मला अमेरिकेत आपल्यांतच भेटली. न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारं. भारताच्या रकान्यातली तारीख थोडी पुढे सरकली तर घरात हायसं वाटतं, मागे गेली तर जेवणावरची वासना उडते. आम्हाला कार्ड रांग इतकी लांबण्याआधी मिळालं. त्यात आमची कर्तबगारी काही नाही. माझ्या मैत्रिणीचं कुटुंब अजून ताटकळतंय. व्हिसाचा शिक्का संपलेला, भारतात गेलं तर वेळेत परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून ती वडिलांच्या अंत्यदर्शनाला जाऊ शकली नाही. "आम्ही घराचा पत्ता बदलला तरी सरकारला कळवतो. नोकरी गेली तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा. आणि यांनी नदी ओलांडून यायचं, वर माफीही मागायची?" असं ती म्हणते तेव्हा मला तिचा राग पटतो.

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक लोक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्रातले. हातात बेड्या, पायांत साखळदंड. साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दरोडेखोर आहेत का ते? आपलं सरकार गप्प कसं बसलं?" मैत्रिणीचं म्हणणं अगदी उलट होतं: नियम मोडले की हेच व्हायचं, एजंटाला लाखो रुपये मोजताना कळत नव्हतं का? परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं की माणसं परत पाठवणं नवं नाही आणि विमानात असं जखडून नेण्याची पद्धत २०१२पासूनची आहे. पद्धत जुनी आहे म्हणून ती योग्य ठरते, हे मला मान्य नाही. पहिल्यांदा चोरून सीमा ओलांडण्याला अमेरिकेच्या कायद्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा आहे. व्हिसा संपल्यावर राहून जाणं हा तर फौजदारी गुन्हाही नाही. आपल्या देशात कोण राहील हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि परत पाठवण्यालाही माझा विरोध नाही. पण साखळदंडांची गरज मला अजून कुणी पटवून दिलेली नाही.

भावाशीही माझं पूर्ण जुळत नाही. त्याला सगळे परिस्थितीचे बळी वाटतात. पण जानेवारी २०२२मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब कॅनडातल्या एमर्सनजवळ, अमेरिकेची सीमा हाकेच्या अंतरावर असताना, बर्फात गोठून मेलं. आईवडील, ११ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा. त्यांना त्या थंडीत चालत पाठवणारे लोक होते, तो त्यांचा धंदा होता. त्या धंद्याकडे डोळेझाक करून नुसता कळवळा दाखवणं मला जमत नाही.

"रांगेत या ना," हे मैत्रिणीचं नेहमीचं वाक्य. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घराचं छप्पर बदलायला चार माणसं आली होती, ग्वाटेमालाची. त्यांतल्या एकाने ट्रकच्या तापलेल्या बॉनेटवर फॉइलमध्ये गुंडाळलेले तोर्तिया गरम करायला ठेवले होते. सकाळी होम डेपो या बांधकाम-सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ही माणसं उभी असतात, आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात तशी. पिकअप थांबतो, आतला माणूस बोटं दाखवतो, तितके मागे चढतात. यांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं? फारसं शिक्षण-कसब न लागणाऱ्या कामांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं, तीही घरच्या माणसांना धरून. आणि त्यांना ट्रकमध्ये चढवणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही. १९८६मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. बेकायदा कामाला ठेवणाऱ्या मालकांना चाप लावायचंही त्याच कायद्यात होतं, ते कधी नीट झालं नाही.

मैत्रिणीची रांग का हलत नाही, याचं कारण वेगळंच आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. छपरावरचा माणूस यातलं एकही कार्ड घेत नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मर्यादा उठवायचं विधेयक २०१९मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ मतांनी पास झालं. कायदा झाला? नाही. सीमेवरच्या भांडणापुढे आमच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे?" यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

तिची मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली. आता कॉलेजात आहे. २१ पूर्ण झाली की आईच्या अर्जातून तिचं नाव गळणार. मग स्वतःचा व्हिसा काढायचा, नाहीतर देश सोडायचा. लहानपणी आणल्या गेलेल्या, पण कागद नसलेल्या मुलांसाठी ओबामांनी २०१२मध्ये सवलत दिली, ती हिला लागू नाही, कारण आईवडिलांनी तिला रीतसर आणलं आणि रीतसरच ठेवलं. मैत्रीण म्हणते, बघ, नियम पाळल्याचं हे फळ. मला वाटतं, ज्या मुलांनी काहीच ठरवलं नव्हतं त्या सगळ्यांना इथे राहू द्यावं, आईबापांचे कागद कसेही असोत.

एका शनिवारी आम्ही दोघी आमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहायला बसलो. तिला त्यात फक्त रीतसर आलेल्यांच्या मुलांचा उल्लेख हवा होता. मला बाकीच्या मुलांसाठी एक परिच्छेद हवा होता. तासभर वाद झाला, दोघींचे आवाज चढले, आणि शेवटी दोन वेगवेगळी पत्रं पोस्टात पडली.