पोरांच्या कपड्यांची अडत

पोस्ट मोठी आहे. राजकारण नाहीये, तरी वाचा. निदान ज्यांच्या घरी दहा वर्षांखालचं लेकरू आहे त्यांनी तरी.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "माळ्यावरच्या दोन पिशव्या खाली काढा." काढल्या. आत पोरीचे आणि पोराचे तोकडे झालेले कपडे. फ्रॉक, स्वेटर, कानटोप्या, एकदाच घातलेली शेरवानी, शाळेचे दोन गणवेश. मला वाटलं, कुणाला तरी द्यायचे असतील. तर ती म्हणाली, "विकायचेत."

आमच्या सावेडीच्या भागातल्या काही बायकांनी मिळून एक हॉल दोन दिवसांसाठी भाड्याने घेतला होता. पद्धत सोपी. आपल्या पोरांचे अंगाला न होणारे कपडे धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून आणायचे. प्रत्येक नगाला चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर आपला नंबर, कितव्या वर्षाच्या पोराला होईल ते आणि किंमत. विकलं गेलं की शंभरातले ऐंशी आपले. वीस हॉलचं भाडं, टेबलं, चहा यासाठी. नाही विकलं तर रविवारी संध्याकाळी आपला माल आपण उचलायचा. असं वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर.

मी जरा तडकलोच. "पत्रकाराच्या घरचे जुने कपडे विकायला? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "लोक काय म्हणतील ते छापा तुम्ही. पोरांच्या फीचं मी बघते."

तालुक्याच्या ठिकाणी आणि जिल्ह्याला वीस वर्षं बातमीदारी करणाऱ्याला किती पगार मिळतो, हे माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्यामुळे पुढं बोललो नाही. पिशव्या गाडीला अडकवल्या आणि निघालो.

हॉलवर गेल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर अडत आहे! माझे वडील पारनेर तालुक्यातून नगरच्या मार्केट यार्डात कांदा आणायचे. माल आपला, विकणार अडत्या. विकल्यावर हातात पट्टी यायची. त्यातून अडत, हमाली, तोलाई कापलेली. एका वर्षी पट्टीतून टेम्पोचं भाडंसुद्धा निघालं नव्हतं, ते वडिलांचं तोंड मी विसरलेलो नाही. पुढं २०१६ साली फळं-भाजीपाल्याची, कांद्या-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला. पण पट्टी कितीही कमी येवो, वडील यार्डात मान वर करूनच उभे असायचे. माल त्यांचा होता. ते मागायला आलेले नव्हते.

असो. तर आमच्या मालाची तपासणी सुरू झाली. टेबलामागची ताई एकेक कपडा उजेडात धरून, उलटा करून बघत होती. पोराचा एक शर्ट तिने बाजूला काढला. कॉलरवर डाग होता, काखेत शिवण उसवलेली.

"हा नाही चालणार."

मी म्हणालो, "ठीक आहे, माणुसकीच्या भिंतीवर टाकतो."

ती मान वर न करता म्हणाली, "दादा, जे विकायला चालत नाही, ते द्यायला कसं चालतं?"

मित्रहो, या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

माणुसकीची भिंत तुम्हाला आठवत असेल. २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकल्या. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. कल्पना चांगलीच. बघता बघता ती आपल्या राज्यात गावोगाव पोचली. उद्घाटनं झाली. मी स्वतः त्या बातम्या केल्या, चौकटीत लावल्या. पण दोन महिन्यांनी त्याच भिंतीपाशी जाऊन बघितलं, तर खाली मातीत पडलेल्या विटक्या साड्या, चेन तुटलेल्या पॅन्टी, एकेकटे मोजे. बरं नेण्यासारखं होतं ते पहिल्या आठवड्यात गेलं. उरला तो आपल्या घरातला कचरा, पुण्याचं लेबल लावलेला. ती बातमी मी केली नाही. उद्घाटनाची केली होती, कचऱ्याची केली नाही. ही माझी चूक.

याहून मोठी चूक पुढं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या उत्तर भागात एका कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर कपडे वाटपाचा कार्यक्रम होता. कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. असे कार्यक्रम पुष्कळ होतात आणि करणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पोरांना रांगेत बसवलं होतं. एक सहा-सात वर्षांचा पोरगा. त्याला दिलेला शर्ट इतका मोठा की बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. मी फोटो काढला. मागून त्याची आई आली.

"भाऊ, ह्यो फोटू पेपरात येणार का?"

मी कौतुकाने म्हणालो, "येणार की! उद्याच."

"गावाकडं बी दिसंल का?"

"दिसेल. जिल्हाभर जातो आपला पेपर."

तर ती म्हणाली, "मग नगा टाकू. गावात घर हाय आमचं. पाच पाव्हणे हायेत."

मी मान हलवली, आणि फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी छापून आला. खाली ओळ होती, चिमुकल्यांच्या चेहऱ्यावर फुलले हसू. पोरगा हसत नव्हता. फोटोत स्पष्ट दिसतंय.

ही माणसं कोण, हे आपल्याला सांगायला नको. पाथर्डी, शेवगाव, पलीकडचा बीड. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाचटात संसार. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधणारी ही माणसं भिकारी नाहीत, कामगार आहेत. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर त्यांच्या घामाचा आहे. त्या बाईचं गावात घर होतं, पत होती, सोयरीक होती. मी तिची ती पत दोन कॉलमात घालवली. वाटप करणाऱ्यांनी शर्ट दिला, मी त्याची किंमत वसूल केली. पैशात नाही, एवढंच.

आता परत हॉलवर येतो.

रविवारी दुपारी चारनंतर भाव निम्मे होतात, असा तिथला नियम. त्या वेळेला आसपासच्या घरांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका येतात. एक बाई आठ-नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन आली. तिने आमच्याच पोरीचा वाढदिवसाचा फ्रॉक उचलला. चिठ्ठीवर साठ, म्हणजे आता तीस. तिने तो उलटा केला, शिवण बघितली, हूक ओढून बघितला, ओल्या बोटाने कापड चोळलं. आणि परत ठेवला.

"रंग जातोय याचा."

माझी बायको शेजारी उभी होती. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती हसायला लागली. म्हणाली, "खरंय, पहिल्याच धुण्याला गेला होता."

त्या बाईने मग लाल स्वेटर घेतला. तोही आमचाच. चाळीस रुपये मोजून दिले, पोरीला अंगावर लावून बघितला, बाही दोन बोटं मोठी आहे म्हणजे पुढच्या हिवाळ्यालाही होईल असा हिशेब केला, आणि गेली. तिला कुणी रांगेत बसवलं नाही. कुणी तिचा फोटो काढला नाही. तिने आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं.

मी तिथं उभा राहून विचार करत होतो, इतक्या वर्षांत किती वाटपाच्या बातम्या केल्या. त्यातल्या एकाही ठिकाणी कुणाला "हा नको, रंग जातोय" असं म्हणताना ऐकलं नाही. म्हणूच शकत नाही. फुकट मिळालेल्याला नाही म्हणता येत नाही. तीस रुपयांच्या चिठ्ठीने त्या बाईला नाही म्हणायचा हक्क दिला होता.

आपल्याकडं हे नवीन नाही. लहानपणी दारावर बोहारीण यायची, आठवतेय? डोक्यावर भांड्यांची पाटी. आई आणि तिची तासभर घासाघीस चालायची. दोन साड्या आणि एका पॅन्टीला एक पातेलं. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची, आई पातेल्याचा पत्रा वाजवून बघायची. दोघी एकमेकींवर चिडायच्या, मग आई तिला पाणी द्यायची. कपडे पुढं जुन्या बाजारात धुऊन-शिवून परत विकले जायचे. कुणी कुणावर उपकार केला नाही आणि कापडही वाया गेलं नाही.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या गूंज संस्थेचंही हेच म्हणणं आहे. ते गावांना कपडे फुकट वाटत नाहीत. गावाने आधी आपलंच एखादं काम करायचं, विहीर साफ करायची, रस्ता नीट करायचा, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आपला जिल्हा तर सहकाराचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो वाटपावर नाही. छोट्या शेतकऱ्याने आपला हिस्सा घातला, आपला ऊस घातला, आणि मालक म्हणून पैसे घेतले. हॉलमधल्या बायका त्याहून वेगळं काय करतायत?

काही जण म्हणतील, दहा रुपयेही नसतील त्यांनी काय करायचं? बरोबर आहे. पूर आला, आग लागली, लेकरू उघड्यावर आलं, तिथं चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. तिथं गुपचूप द्यायचं आणि चांगलं द्यायचं. पण दरवर्षी, ठरलेल्या वेळी, काम करून खाणाऱ्या माणसांना रांगेत बसवायची गरज नाही.

म्हणून एक सुचवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. जूनमध्ये एक वर्ग, दोन टेबलं, एक दिवस. सगळ्यांनी तोकडे झालेले गणवेश, स्वेटर, दप्तरं आणायची. चिठ्ठी, नंबर, दहा-वीस रुपये भाव. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या गावात आठवडे बाजाराच्या दिवशी हेच करता येईल. वाटपाला जो मंडप घालता, तोच घाला. फक्त माईक नको, हार नकोत, आणि आमच्यासारखे कॅमेरेवाले नकोत. वीस टक्क्यांत खर्च भागतो, हे आमच्याकडच्या बायकांनी दाखवलंय.

आमचा हिशेब सांगतो. चौतीस नग नेले. एक नाकारला, सत्तावीस विकले, सहा परत आले. विक्री १,९४० रुपये. अडत ३८८. हातात १,५५२. त्यातूनच बायकोने पोराला दीडशे रुपयांत कुणाचं तरी जर्किन घेतलं. मी ज्या दारातून मान खाली घालून आत गेलो, त्याच दारातून पट्टी घेऊन बाहेर आलो. वडिलांची आठवण झाली.

घरी येताना पोरगी गाडीवर मध्ये बसली होती. म्हणाली, "बाबा, ती मुलगी माझा स्वेटर घालून दिसली तर मी काय म्हणू?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "काही नाही म्हणायचं. तुझा नाहीये तो. तिच्या आईने विकत घेतलाय."

तो कॉलर डागाळलेला शर्ट आता आमच्या घरी गाडी पुसायला आहे. त्याची जागा तीच होती.

आणि तो पोरगा आता आठ-नऊ वर्षांचा असेल. या हंगामातही त्याचे आई-बाप कुठल्या तरी फडात असतील. त्या बाईची माफी मागायची आहे, पण तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. फोटोखाली छापायला वाटप करणाऱ्यांची नावं मात्र सगळी लिहून घेतली होती.

या पोस्टसोबत फोटो नाही. मुद्दाम टाकलेला नाही.