तळघरातील चित्रे

कलाकृती कोठे पाहिली, याने तिच्या अर्थात फरक पडतो काय? हा प्रश्न आम्ही दोघांनी वर्गात वर्षानुवर्षे विचारला आहे, आणि उत्तर आपल्याला ठाऊकच आहे अशा थाटात विचारला आहे. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राने तो थाट उतरवला.

मुलगा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. बी. ए.ला आमच्याकडे मराठी होते. वहीच्या समासात मात्र चित्रे. फ्रान्समधील एका खेड्यात, वाइनच्या तळघरात, त्याचे प्रदर्शन भरले होते. सोबतच्या छायाचित्रांत दगडी कमान, ओकची पिंपे, मंद दिवा. आणि भिंतीवर ऐन तोडणीच्या तोंडावर आलेल्या पावसाने मणी तडकलेले घड.

हीच चित्रे पूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात लागली होती. त्या वेळी आम्ही भाषण केले. तडकलेल्या मण्यांत आम्हांला विघटनाची प्रतिमा दिसली होती. त्याचे वडील मागच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना कोणीही काही विचारले नाही.

तळघर आणि चित्र यांचे नाते तिकडे जुने आहे. बोर्दो परिसरातील 'शातो मुताँ रोथशिल्ड' १९४५ पासून जवळजवळ दरवर्षी बाटलीच्या लेबलासाठी एखाद्या कलावंताचे चित्र घेते. १९७०च्या लेबलावर शागाल आहे, १९७३च्या लेबलावर पिकासो, आणि २००९च्या लेबलावर मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. मोबदला पैशांत नव्हे, वाइनच्या पेट्यांत मिळतो. पिंपे ठेवण्याच्या तिथल्या एका जुन्या दालनात १९६२ साली कलासंग्रहालयही उघडले.

फ्रेंच भाषेत तळघराला 'काव' म्हणतात. शब्दाचे मूळ पोकळीच्या अर्थाचे आहे. नाशिककरांना कोरलेल्या पोकळीचे अप्रूप नसावे. त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची कीर्ती कोरून ठेवली, ती भिक्षूंच्या निवासात. तिथले शिल्पही राहत्या जागेचाच भाग होते. बघ्यांसाठी वेगळे दालन नव्हते. गंगापूरच्या बाजूला 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तेव्हापासून नाशिकलाही पिंपांची तळघरे आहेत. तिथे चित्रे पाहण्याची कल्पना आम्हांला कधी सुचली नव्हती, हे कबूल करायला हवे.

पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते: 'सर, मॅडम, तळघराचे मालक म्हातारे शेतकरी आहेत. गारपिटीच्या भीतीत त्यांचा जन्म गेला. बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, त्या वर्षी तुमचं किती गेलं?'

परभाषेतील त्या माणसाने चित्र वाचले होते. आम्ही त्याच्यावर नुसते बोललो होतो. दोष सभागृहाचा म्हणावा, तर तेथे वडीलही होतेच की.

त्या रविवारी आम्ही वडिलांना फोन लावला. 'दादा, तो पाऊस कोणत्या सालचा?' त्यांनी साल सांगितले, मग एकर, मग सोसायटीचे कर्ज. मध्ये बोलावे असे काही सुचले नाही. आम्ही ऐकत राहिलो.