जमीन डोलते तेव्हा

अकोल्याच्या माणसाला उन्हाची भीती कोणी घालावी? मे महिन्यात ४५ अंशांचा पारा आम्हांस नवा नाही आणि उष्माघाताचे रुग्ण तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या अनुभवाचा ताठा घेऊनच मी मागील एप्रिलमध्ये मुरगाव बंदरात उतरलो.

थोरले बंधू, वहिनी, पत्नी आणि मी मुंबईहून गोव्याला पर्यटन-जहाजाने निघालो होतो. भाऊ ६८ वर्षांचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी मीच दिलेली. झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या या बंदरात जहाज सकाळी लागले. बहुतेक प्रवासी पणजीकडे गेले. आम्ही जवळच्या सड्यावरील जपानी उद्यान पसंत केले. खाली समुद्र, दूरवर नांगरलेली मालवाहू जहाजे आणि माणसांची वर्दळ जवळजवळ नाहीच.

पायऱ्या चढताना भाऊ म्हणाले, "मले जमीन डोलल्यासारखी वाटून राह्यली." मी हसलो. जहाजाच्या हेलकाव्यांना सरावलेला मेंदू किनाऱ्यावरही काही काळ तोच डोल अनुभवतो, हे मी त्यांना सविस्तर समजावले. (व्याख्यानाची सवय, दुसरे काय!) "बाथरूम कुठं शोधायचं म्हणून यांनी सकाळपासून पाणीच घेतलं नाही," असे वहिनी म्हणाल्या. ते मी ऐकले आणि सोडून दिले. दहा मिनिटांनी भाऊ बाकावरून उठले आणि जागीच कोसळले.

नाडी जलद आणि क्षीण. अंग घामाने निथळत होते. सावलीत निजवून पाय उंच धरले, तेव्हा मिनिटाभरात त्यांनी डोळे उघडले. तो मिनिट मी विसरणार नाही.

आमच्याकडील कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरील दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो; पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. त्यात गोळीने लघवीवाटे पाणी काढलेले. अशा स्थितीत माणूस उभा राहताच रक्तदाब घसरतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर तो डोल समुद्राचा नव्हे.

पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात थेंबही घालू नये, म्हणून थांबलो. मग जवळच्या खानावळीतून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आणले. (चमचा चहाचा.) नुसत्या शहाळ्यात सोडियम फार कमी असते. भाऊंनी पेला दूर सारला. "मीठ तं तूनंच बंद केलं ना?" मला उत्तर सुचेना, "आज घ्या," एवढेच म्हणालो.

वयस्करांची शुद्ध हृदयाच्या ठोक्यातील बिघाडानेही हरपते, म्हणून परतताच जहाजावरील डॉक्टरांकडून ईसीजी काढून घेतला. तो ठीक निघाला. ती गोळी मी त्या दिवसापुरती थांबवली. आपण मात्र असे निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, आणि तेही प्रवासाला निघण्यापूर्वी.

आता दवाखान्यात कोणी "चक्कर येते" म्हटले, की भोवताल फिरतो की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मी आधी विचारतो; आणि सोबतच्या माणसाचे शेवटपर्यंत ऐकतो.

सायंकाळी जहाज सुटले. कठड्याला टेकून भाऊंनी विचारले, "आता डोलून राह्यलं ते जहाजच हाये ना रे, डॉक्टर?" मी त्यांची नाडी पाहिली आणि मगच हो म्हणालो.