नागदेवीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत

मुंबई पाहायला आलेला पाहुणा गेटवे ऑफ इंडिया पाहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये खरेदी करून माघारी फिरतो. या मार्केटच्या उत्तरेला, चालत जाण्याच्या अंतरावर, नागदेवी स्ट्रीट आहे. तिकडे त्याचे पाय सहसा वळत नाहीत आणि वळावेत असे तिथे काही दिसतही नाही. हातगाड्यांची गर्दी, ग्रीसचा वास, दुकानांच्या दारांत टांगलेले पट्टे आणि साखळ्या. पण घरच्या घरी सीएनसी यंत्र बनवण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाला ही गल्ली काशीच वाटते.

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांबरहुकूम लाकूड किंवा धातू कोरणारे यंत्र. १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आकड्यांवर चालणारे असे यंत्र प्रथम दाखवले गेले, तेव्हा ते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम घेत असे. पुढे कित्येक वर्षे ही मिरासदारी कारखान्यांचीच होती. तळहातावर मावणाऱ्या सर्किट बोर्डवर चालणारी मोफत प्रणाली २००९ पासून मिळू लागली आणि हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

आवाक्यात आले म्हणजे स्वस्त झाले, असे मात्र नाही. घरखर्चातून वाचवलेले पैसे खिशात असतात आणि ते चुकीच्या वस्तूवर गेले तर महिनाभर काम अडते. म्हणूनच नागदेवीत घाई चालत नाही. बेअरिंग बोटावर फिरवून पाहायचे. खरखर लागली तर परत ठेवायचे. स्क्रूवर नट बसवून मागेपुढे हलवायचा. तिथे केसभर खेळ असला, तरी पुढे कोरलेले वर्तुळ अंड्यासारखे होते. काउंटरमागचा माणूस आधी ‘काम काय आहे?’ असे विचारतो आणि मग निम्म्या किमतीची वस्तू पुढे करतो, असेही घडते. घरबसल्या मागवलेल्या पार्सलात हा प्रश्न नसतो.

नवशिके बहुधा मोटरवर पैसे उधळतात आणि सांगाड्यात काटकसर करतात. खरे तर उलटे हवे. सांगाडा थरथरला की उत्तम मोटरही लाकूड कुरतडत बसते. जाड पत्रा, भक्कम चॅनेल हवे असेल तर रे रोडजवळच्या दारूखान्यात जावे. तिथे भंगाराचे लोखंड वजनावर मिळते. ते घरी न्यायचे कसे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा.

शेवटचा मुक्काम ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बोलण्यात अजूनही लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव इथल्या दुकानदारांनी काही सोडलेले नाही. स्टेपर मोटर, तिचे ड्रायव्हर, वीजपुरवठ्याचे डबे, रंगीबेरंगी वायरी, सारे इथे मिळते. नेहमीची स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. एका फेरीला ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू तिला जोडला, तर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग! आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नये, हे इथले जाणकार बजावून सांगतात. ड्रायव्हर क्षणात जळतो.

मग गॅलरीचा कोपरा अडवला जातो. कुंड्या हलतात, घरातली नाराजी थोडी वाढते. लाकडाचा भुसा नाकात जाऊ नये म्हणून मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पक्के अर्थिंग यांत कुचराई नको. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या मखरासाठी प्लायवूडची नक्षी कोरून हवी असते, म्हणजे पहिले गिऱ्हाईक बहुधा घरातच भेटते.

पण शहाणा माणूस पहिल्या दिवशी पाते लावतच नाही. तो यंत्राला साधे बॉलपेन बांधतो, कागदावर चौकोन काढून घेतो आणि पट्टी घेऊन दोन्ही कर्ण मोजतो.