तारखेच्या अलीकडे-पलीकडे

पहिलटकरणीच्या फाइलवर आम्ही एक तारीख लिहितो. तिसऱ्या महिन्यात लिहिलेल्या या तारखेकडे सातव्या महिन्यापर्यंत कुणी फारसं पाहत नाही. मग डोहाळजेवण उरकतं, मुलगी माहेरी येते आणि ती तारीख घरादाराची होते. वडील कॅलेंडरवर गोल करतात, नवरा त्या आठवड्याची रजा टाकतो, सासूबाई त्या दिवशीचं नक्षत्र पाहून ठेवतात. तारीख उजाडते, मावळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई माझ्यासमोर बसलेली असते. "मॅडम, काल तारीख होती. अजून काहीच नाही."

ही तारीख काढायची रीत हायडेलबर्गचे एकोणिसाव्या शतकातले प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे यायचं आणि वर्ष पुढचं धरायचं. २८० दिवस भरतात. पाळी बरोबर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं, असं यात गृहीत धरलेलं आहे. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिची तारीख आठवडाभर पुढे जायला हवी. हे विचारायचंच पुष्कळदा राहून जातं.

नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली १२५ गरोदरपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्रीबीज सुटल्याचा दिवस लघवीतल्या संप्रेरकांवरून ठरवलेला होता, म्हणजे सुरुवात कधी झाली याबद्दल शंका नव्हती. तरी, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वगळूनही, सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब गरोदरपणात ३७ दिवसांचं अंतर निघालं. निसर्गाचं घड्याळ एवढं सैल आहे. आपल्याकडच्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. कॅलेंडरचे महिने धरले तर ते २८२ ते २८५ दिवस होतात. पहिली बाळं सरासरीने थोडी उशिराच येतात, त्यामुळे पहिलटकरणीपुरता आजीचा हिशेब नेगेलेसाहेबांपेक्षा जवळचा ठरतो. चांद्रमास धरले तर मात्र आजी हरते.

सोनोग्राफी आल्यावर हा गोंधळ मिटायला हवा होता, पण तो वाढला. तिसऱ्या महिन्यात बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. त्या वयात बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून त्यावरून काढलेली तारीख पाच-सात दिवस इकडेतिकडे, एवढीच चुकते. नवव्या महिन्यात प्रत्येकाची अंगकाठी वेगळी झालेली असते. यंत्र डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजून सरासरीशी ताडून पाहतं आणि रिपोर्टवर नवीच तारीख छापतं. ती तीन आठवड्यांनीही चुकू शकते. बारीक चणीच्या आईचं बारीक बाळ यंत्राला लहान वाटतं आणि घरात निरोप जातो, 'तारीख पुढे गेली.' पहिल्या सोनोग्राफीने पक्की झालेली तारीख नंतर हलवायची नसते. यात हट्टापेक्षा धोक्याचा भाग मोठा आहे. एखादं बाळ खरोखरच नीट वाढत नसेल आणि आपण तारीखच पुढे ढकलली, तर कागदावर ते वयाच्या मानाने ठीक दिसू लागतं. ज्याच्याकडे सगळ्यांत आधी लक्ष जायला हवं, तेच नजरेआड होतं.

आता त्या 'अजून काहीच नाही'बद्दल. पस्तिसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं, उरलेला तिसरा हिस्सा या शेवटच्या आठवड्यांतला. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून बाळाकडे सर्वांत जोमाने जातात तीही आताच. पहिले काही महिने पुरेल इतकं लोह साठतं. पहिलटकरणीत बाळाचं डोकं बहुधा कळांच्या दोन-चार आठवडे आधीच कटिभागात उतरतं. तिला श्वास मोकळा वाटतो आणि दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागतं. कळा सुरू व्हायचा निर्णय कुणाचा, हे पहिल्यांदा मेंढ्यांत कळलं. न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की मेंढीच्या प्रसूतीचा इशारा पोटातल्या कोकराकडून, त्याच्या अधिवृक्क ग्रंथींतून येतो. माणसात वारेचाही त्यात मोठा हात असतो आणि मामला बराच गुंतागुंतीचा आहे. पण बाळाच्या संमतीवाचून तो पुढे सरकत नाही, एवढं खरं.

घरच्यांना मात्र दोनच गोष्टी ऐकू येतात: पाणी कमी झालंय आणि नाळ गळ्याभोवती आहे.

गर्भजल हे मुख्यतः बाळाचं मूत्र. बाळ ते गिळतं आणि पुन्हा सोडतं. चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत ते वाढतं, मग हळूहळू उतरू लागतं, आणि हे उतरणं स्वाभाविक आहे. सोनोग्राफीत पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मोजतात. बेरीज पाच सेंटिमीटरच्या खाली गेली तर आम्ही सावध होतो. आठ आली तर घाबरण्यासारखं काही नाही, पण 'गेल्या वेळी अकरा होतं' हे कुणीतरी काढतंच. त्यातून ही बेरीज बाळ कसं पडलंय, आईने पाणी किती प्यायलंय, मोजणाऱ्याने प्रोब कसा धरलाय यावर बदलते. चार भागांच्या बेरजेऐवजी पाण्याचा एकच सर्वांत खोल कप्पा मोजला, तर कळा आणण्याची औषधं विनाकारण द्यायची वेळ कमी येते आणि बाळाचं काही बिघडत नाही. हे अभ्यासांतून दिसून बरीच वर्षं झाली. आमच्या भागातले रिपोर्ट अजून बेरजेवरच चालतात.

नाळेचं तर विचारूच नका. पूर्ण दिवसांच्या चार बाळांपैकी साधारण एकाच्या मानेभोवती नाळेचा वेढा असतो. बाळ पोटात नाकातोंडाने श्वास घेत नाही. प्राणवायू नाळेतून येतो, तेव्हा फाशीची कल्पना तिथे लागू पडत नाही. जन्माच्या वेळी आम्ही वेढा बोटाने अलगद काढतो. पण रिपोर्टवर ती ओळ छापली की मुलीची झोप उडते आणि सिझेरियनची मागणी मला न करता सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनाच केली जाते. माझं मत असं की सैल वेढ्याची ती ओळ रिपोर्टवर छापूच नये.

मुहूर्त काढून सिझेरियन मागणारी घरं आता तालुक्याच्या गावांतही आहेत. पितृपंधरवड्यात नको, अमावास्येला नको, मूळ नक्षत्रावर तर नकोच नको. सिझेरियन करावंच लागणार असेल, उदाहरणार्थ बाळ पायाळू असेल, आणि थांबणं सुरक्षित असेल, तर एकोणचाळीस आठवडे भरल्यावर गुरुवार की शुक्रवार यावर मी वाद घालत नाही. (पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेतली उसण जाते म्हणतात. हल्ली पायाळू बाळं बहुतेक सिझेरियननेच होतात, तेव्हा या वैद्यकीचं पुढे काय होणार कोण जाणे.) पण पितृपंधरवडा टाळायला सदतिसाव्या आठवड्यात पोट उघडायचं, याला माझा नकार. कळा न येता लवकर काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत द्रव राहून जातो, धाप लागते आणि पहिले दोन दिवस त्याला काचेच्या पेटीत काढावे लागतात.

घाई फक्त घरच्यांची असते असं म्हणणं मात्र लबाडीचं होईल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. या तफावतीत पैसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आणखीही काही आहे. लहान गावातला प्रसूतितज्ज्ञ बहुधा एकटा असतो. भूलतज्ज्ञ चार दवाखाने सांभाळतो, रक्तपेढी पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. रात्री तीन वाजता बाळाचे ठोके उतरले तर कोण येणार, हा विचार डोक्यात असलेल्या डॉक्टरला दिवसाउजेडी ठरवून केलेली शस्त्रक्रिया मोहात पाडते. थांबायलाही माणसं लागतात.

आणि थांबण्याला हद्द आहे. स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत एक्केचाळीस आठवडे भरल्यावर निम्म्या स्त्रियांना कळांचं औषध दिलं आणि बाकीच्यांची बेचाळीसपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाल्यापासून मी एक्केचाळीसच्या पुढे थांबा म्हणत नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत धोका नसलेल्या सहा हजारांवर पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीत एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणल्या, तर सिझेरियन २२.२ टक्क्यांवरून १८.६ वर आलं. म्हणजे औषधाने कळा आणल्या की पोट फाडावं लागतंच, हा समज तितकासा खरा नाही. पण तिथे प्रत्येकीजवळ नर्स असते आणि तोंड उघडायला धीराने वेळ दिला जातो. संध्याकाळपर्यंत मोकळं व्हायचंय म्हणून लावलेल्या सलाइनला हे आकडे लागू होत नाहीत.

बाळाची हालचाल ही त्याहून महत्त्वाची हद्द. 'शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं' हे वाक्य मी आया, सासवा, अगदी नर्सकडूनही ऐकते. हालचालीची तऱ्हा बदलते. लाथेऐवजी सरकणं, ढकलणं जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा वेळा जाणवली नाही तर रात्र असो, लक्ष्मीपूजन असो, दवाखान्यात यायचं. काहीतरी गोड खाऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. पाणी फुटलं, लाल रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही लगेच.

एरवी कळा सुरू झाल्यावरही पहिलटकरणीने बराच वेळ घरी काढावा, असं मी सांगते, पण ते अंतर पाहून. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे कळा आल्यावर निघू, हा सल्ला जिवावर बेततो. म्हणून राज्याच्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघरं' काढली आहेत. दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहावं अशी ती सोय. बाई मात्र सहजासहजी येत नाही, कारण सोबतीला माणूस लागतं आणि शेतीची कामं तेव्हाच आलेली असतात. माझ्याकडे पाटणच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्यांवरून मुली येतात. शेवटचे पंधरा दिवस गावात कुणाकडे तरी राहा, असं मी त्यांना सांगते. मावशी, चुलत नणंद, कुणीतरी निघतंच.

उरल्या खोट्या कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली त्यांचं वर्णन केलं, तरी अजून दर पहिलटकरणीला त्या फसवतात. पोट दगडासारखं होतं, सुटतं, पुन्हा होतं. चाललं की थांबतं, झोपलं की विसरायला होतं. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. रात्री दोनला जीप करून आलेल्या घराला पहाटे 'अजून वेळ आहे, घरी जा' म्हटलं की राग येतो. परत पाठवलं म्हणजे बाईंना काही कळत नाही, असं शेजारी म्हणतात. मी त्यांना सांगते, तीनदा या, चारदा या. त्या तपासणीचे पैसे मी घेत नाही. घेतले तर पुढच्या वेळी खऱ्या कळा येऊनही लोक घरी बसून राहतील.